दंडावरचा ग्लुकोज सेन्सर: साखरेचा अर्धाच हिशेब

मधुमेह नसलेल्या माणसांच्या दंडावरही हल्ली ती पांढरी चकती दिसते. दहाच्या नाण्याहून जरा मोठी, जाडीला पाच मिलिमीटर, एकदा लावली की १४ दिवस चिकटलेली. जिममधली मुलं लावतात, आयटीतली मंडळी लावतात, आणि ‘गोड खाल्ल्यावर तुमच्या शरीरात काय होतं ते स्वतः बघा’ अशी जाहिरात वाचून घरातल्या वडीलधाऱ्यांच्या दंडावरही ती चढते. आपल्याकडे औषधांच्या दुकानात आणि ऑनलाइन सहज मिळणारा सेन्सर म्हणजे ॲबट कंपनीचा फ्रीस्टाइल लिब्रे. हे परीक्षण त्याचं आहे, पण त्यातलं बरंचसं या जातीच्या कुठल्याही यंत्राला लागू पडेल.

निकाल आधीच सांगतो. इन्सुलिन घेणाऱ्या माणसासाठी हे यंत्र पैसे वसूल आहे, त्यात वादच नाही. पण साखरेचा शरीरावर काय परिणाम होतो हे बघायला म्हणून कोणी ते घेणार असेल, तर त्याला अर्धाच हिशेब मिळणार आहे. आणि तो अर्धा हिशेब इतक्या सुबक आलेखात मिळतो, की माणसाला तो पुरा वाटतो.

यंत्र करतं काय, ते आधी. चकतीच्या पोटातून सुमारे पाच मिलिमीटर लांबीचा, अर्ध्या मिलिमीटरहून बारीक तंतू कातडीखाली जातो. लावताना सुई टोचते, पण ती लगेच मागे येते. आत राहतो तो हा तंतू. त्याच्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) असतं. पेशींच्या मधल्या द्रवातल्या ग्लुकोजशी त्याची प्रक्रिया होते, त्यातून बारीकसा विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि त्याचा आकडा बनतो. दोन गोष्टी इथेच लक्षात घ्यायच्या. एक, हे रक्त मोजत नाही, पेशींमधला द्रव मोजतं. त्या द्रवात ग्लुकोज रक्तापेक्षा पाच ते दहा मिनिटं उशिरा पोहोचतं. दोन, ते फक्त ग्लुकोज मोजतं. दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे, तिच्याकडे पुढे सविस्तर येऊ.

लावण्यातल्या चुका सगळ्यांत जास्त, म्हणून तिथे घाई नको. जागा दंडाच्या मागची, हात खाली सोडल्यावर जिथे मांस मऊ लागतं तिथली. आंघोळीनंतर तेल, लोशन, पावडर काही लावायचं नाही. केस असतील तर काढायचे. स्पिरिटच्या फडक्याने पुसून मनात तीस मोजेपर्यंत वाळू द्यायचं. ओल्या कातडीवर लावलेली चकती दोन दिवसांत कडेने सुटते. मग डबीचं झाकण सोलायचं, लावणीयंत्राची टोपी काढायची, दोन्हींवरच्या गडद खुणा जुळवून यंत्र टेबलासारख्या कडक जागेवर डबीत दाबायचं. एकदा दाबून उचललं की ते हत्यार भरलेलं आहे असं समजा. टोपी परत लावायला गेलात की सेन्सर वाया. दंडावर सरळ धरून एकदाच जोरात दाबायचं, टक असा आवाज येतो, दोन क्षण थांबून यंत्र सावकाश मागे घ्यायचं आणि चकतीच्या कडेवरून बोट फिरवायचं. रक्ताचा एखादा थेंब आला तर बिघडत नाही. रक्त थांबतच नसेल तर मात्र चकती काढून दुसऱ्या दंडावर नवी लावावी लागते.

मापन सुरू व्हायला एक तास लागतो. पण पहिला दिवसभर आकडे वेडेवाकडे येतात, कारण टोचलेल्या जागी सूज असते. त्यामुळे सेन्सर रात्री लावावा आणि पहिल्या २४ तासांच्या आकड्यांवरून काहीही ठरवू नये. सोमवारी सकाळी सेन्सर लावून दुपारच्या जेवणाचा आलेख घरच्यांच्या ग्रुपवर टाकणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

आपल्याकडच्या अडचणी माहितीपत्रकात नसतात. घट्ट बाहीचा ब्लाउज चकतीवर घासतो. बाही चकतीच्या वर तरी संपावी किंवा पूर्ण खाली तरी यावी, काठ चकतीवर आला की दोन दिवसांत ती उचकटते. पाठीवरच्या सॅकचा पट्टा, लोकलच्या दारातली घुसाघुस, न्हाणीघराची चौकट, या तिन्हींनी सेन्सर निघतात. कोकणपट्टीच्या दमट उन्हाळ्यात चिकटपट्टी घामाने सुटते, तेव्हा वरून लावायची जादा चिकटपट्टी घेऊन ठेवावी. मधल्या भोकावर ती बसणार नाही एवढं बघायचं. आंघोळ चालते, एक मीटर खोल पाण्यात अर्धा तासही चालतं, त्यामुळे विहिरीत सूर मारणं सोडून बाकी सगळं करता येतं. एमआरआय, सीटी स्कॅन किंवा एक्स-रे असेल तर चकती काढून ठेवावी लागते आणि काढलेली परत लागत नाही. तपासणीची तारीख बघूनच नवी लावावी. काहींना चिकटपट्टीची ॲलर्जी येते. लाल गोल चट्टा, खाज, पाणी सुटणं असं दिसलं की चौदा दिवसांचे पैसे वसूल करण्याच्या नादात ओढत राहू नये.

फोनमध्ये एनएफसी, म्हणजे नुसतं जवळ टेकवून माहिती वाचायची सोय, लागतं. बऱ्याच स्वस्त फोनांत ते नसतं आणि हे सेन्सर हातात आल्यावर कळतं. मग वेगळं वाचकयंत्र घ्या, म्हणजे खर्च जवळपास दुप्पट. पहिल्या पिढीच्या लिब्रेला फोन जवळ नेऊन टेकवावा लागतो, आपणहून तो काही सांगत नाही. साखर खाली गेली तरी गजर नाही. त्याच्या पोटात आठ तासांचीच नोंद मावते, म्हणून रात्री झोपताना आणि उठल्याउठल्या टेकवायचं, नाहीतर आलेखात भोक पडतं. गजराची सोय पुढच्या पिढीत आहे. खोक्यावर कुठली पिढी लिहिली आहे ते बघून घ्या. रात्री साखर धोकादायक खाली जाणाऱ्या माणसासाठी बिनगजराचा सेन्सर घेण्यात अर्थ नाही.

आकडा किती खरा? प्रयोगशाळेच्या आकड्याशी तुलना केली तर या सेन्सरचा सरासरी फरक नऊ ते अकरा टक्क्यांच्या घरात येतो. म्हणजे १४० दिसलं तर खरा आकडा १२५ ते १५५ मध्ये कुठेही असू शकतो, कधी त्याही पलीकडे. याचा सरळ अर्थ असा, की पोह्यांनंतर १३२ आणि उपम्यानंतर १४१ आलं म्हणून उपमा वाईट ठरत नाही. तो फरक यंत्राचा आहे, रव्याचा नाही. त्याच माणसाने तेच पोहे तेवढेच दोन वेगळ्या दिवशी खाल्ले तरी आलेख सारखा येत नाही; आदल्या रात्रीची अपुरी झोप, सर्दी-ताप, ऑफिसातला ताण, पाळीचे दिवस, सगळं त्यात उतरतं.

काही आकडे तर निव्वळ भास असतात. सेन्सर असलेल्या कुशीवर झोपलं की तिथला द्रव दाबला जातो आणि रात्री तीनला ५५ दिसतं. कूस बदलली की पंधरा-वीस मिनिटांत परत ९०. ही साखर खाली गेलेली नसते. क जीवनसत्त्वाच्या ५०० किंवा १००० मिलिग्रॅमच्या गोळ्या सर्दीत चघळायची सवय असेल तर आकडा खोटाच वर जातो, कारण त्या तंतूवर क जीवनसत्त्वाचीही प्रक्रिया होते. आणि पहाटे चार ते सात या वेळात काहीही न खाता साखर वर सरकते, ते खरंच असतं. कॉर्टिसॉल आणि वाढीचं संप्रेरक यकृताला साखर सोडायला लावतात. रात्रीच्या दुधाला त्याचा दोष देऊ नका. लक्षणं आणि आकडा जुळत नसतील, म्हणजे घाम सुटलाय, हात थरथरताहेत आणि सेन्सर ११० म्हणतोय, तर बोटातून रक्त काढून साध्या ग्लुकोमीटरवरच बघायचं. वीस-तीस रुपयांची पट्टी इथे पाच हजारांच्या चकतीपेक्षा मोठी.

आता मुख्य मुद्दा. आपण चहात घालतो ती साखर म्हणजे सुक्रोज. तिचा प्रत्येक रेणू अर्धा ग्लुकोज, अर्धा फ्रुक्टोज. आतड्यात दोघे सुटे होतात. ग्लुकोज रक्तातून सगळ्या शरीरभर जातं, इन्सुलिन त्याला पेशींत घालतं, आणि दंडावरचा सेन्सर त्याचा माग ठेवतो. फ्रुक्टोजची वाट निराळी. ते बहुतेक सगळं यकृतात उतरतं. त्याचा काही भाग सावकाश ग्लुकोज होऊन बाहेर येतो, पण एकाच वेळी भरपूर आलं तर यकृत त्याची चरबी बनवतं. ग्लुकोजच्या वाटेवर यकृताला लगाम असतो, पुरे झालं की प्रक्रिया मंदावते. फ्रुक्टोजच्या पहिल्या पायरीवर तो लगाम नाही. तिथे पेशीतली ऊर्जा भराभर खर्च होते आणि उरलेल्या कचऱ्यातून युरिक ॲसिड तयार होतं. रोज, वर्षानुवर्षं हे चाललं की यकृतात चरबी साठते, रक्तातले ट्रायग्लिसराइड (चरबीचा एक प्रकार) वाढतात, आणि चरबीने भरलेलं यकृत इन्सुलिनचं ऐकेनासं होतं. या सगळ्या नाट्यातला एकही प्रवेश सेन्सरला दिसत नाही. त्याच्या विकराला फ्रुक्टोज ओळखताच येत नाही.

परिणामी आलेख उलटा न्याय करतो. ५० ग्रॅम कर्बोदकं देऊन मोजलेला ग्लायसेमिक इंडेक्स (जीआय), म्हणजे त्या पदार्थाने रक्तातलं ग्लुकोज किती चढतं त्याचा निर्देशांक, बघा: ग्लुकोज १००, उकडलेला बटाटा ७८ च्या आसपास, पांढरा पाव ७५, साखर ६५, मध ६१, नुसतं फ्रुक्टोज १५. म्हणजे पावापेक्षा साखर बरी आणि साखरेपेक्षा फ्रुक्टोजचा पाक उत्तम! भाकरी, पोळी, भात यांतला स्टार्च ही निव्वळ ग्लुकोजची साखळी असते, त्यामुळे तो खाल्ला की त्याचा पै-पैचा हिशेब आलेखावर येतो. उसाच्या रसातली अर्धी साखर मात्र सेन्सरला चुकवून यकृतात जाते. अडीचशे मिलिलिटरच्या एका ग्लासात तीस-पस्तीस ग्रॅम साखर सहज असते. तरी आलेखावर बरेचदा भाकरी-पिठल्याच्या चढाचा डोंगर त्या ग्लासाच्या डोंगराएवढाच, कधी उंचही दिसतो. मग माणूस भाकरी सोडतो आणि रसाला माफ करतो.

या गैरसमजावर एक बाजारच उभा आहे. ‘लो जीआय’ म्हणून महागात विकला जाणारा ॲगेव्हचा (घायपाताच्या जातीच्या वनस्पतीचा) पाक घ्या. त्याचा आलेख सपाट येतो, कारण त्यात फ्रुक्टोजच जास्त. मधात फ्रुक्टोज सुमारे ३८ टक्के, ग्लुकोज ३१. गूळ म्हणजे मुख्यतः सुक्रोजच, वर थोडी सुटी झालेली साखर आणि चिमूटभर खनिजं. यकृताच्या दृष्टीने गुळाचा चहा आणि साखरेचा चहा यांत फरक नाही. खजुराच्या पाकाचे ‘बिनसाखरेचे’ लाडू बदाम-तुपामुळे सेन्सरवर अगदी सज्जन दिसतात. अख्खी फळं या यादीत टाकू नका. फळ चावून खाल्लं तर त्यातला चोथा आणि पाणी वेग आणि मात्रा दोन्ही आवरतात, एका बैठकीत चार संत्री कोणी खात नाही. त्याच चार संत्र्यांचा रस मात्र दोन मिनिटांत जातो.

तुपाचंही असंच. पुरणपोळीवर तुपाची धार सोडली की साखर वाढत नाही, हे आलेख दाखवून सांगणारे बरेच आहेत. आलेखापुरतं ते खरं आहे. चरबीने जठर सावकाश रिकामं होतं, म्हणून डोंगर बुटका होतो आणि पसरतो. दीड तासाऐवजी चार तास. पुरणातला गूळ तेवढाच राहिला, वर तुपाचे उष्मांक आले. श्रीखंड-पुरीचा आलेखही याच कारणाने भोळा दिसतो. विकतच्या श्रीखंडात १०० ग्रॅमला साधारण ४० ग्रॅम साखर असते, म्हणजे आठ चमचे.

आणि आपल्या घराघरांतला खरा गुन्हेगार तर सेन्सरच्या नजरेतून साफ सुटतो: चहा. कपाला दोन चमचे म्हणजे दहा ग्रॅम साखर. त्यातलं ग्लुकोज पाच ग्रॅम, तेही दुधासोबत. आलेखावर जेमतेम टेकाड येतं आणि ॲप हिरवा रंग दाखवतं. असे दिवसाला पाच कप झाले की ५० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर, मध आणि रस यांतून येणारी ऊर्जा एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांखाली हवी, पाच टक्क्यांखाली आणली तर आणखी चांगलं. २००० उष्मांकांच्या आहारात दहा टक्के म्हणजे हेच ५० ग्रॅम. मर्यादा निव्वळ चहात संपली. बिस्किटं, केचप, लोणच्यातला गूळ, संध्याकाळचं सरबत अजून बाकी आहे. दातांचं तर विचारूच नका. गोड घोट घेतला की तोंडातले जंतू आम्ल तयार करतात, आम्लता वाढून पीएच ५.५ च्या खाली गेला की दाताचं कवच विरघळू लागतं, आणि लाळेला तो परत वर आणायला अर्धा तास तरी लागतो. तास-दीड तासाने एक चहा घेणाऱ्याचे दात दिवसभर त्याच चक्रात असतात.

दुसरी अदृश्य गोष्ट म्हणजे इन्सुलिन. मोठ्या माणसाच्या साऱ्या रक्तात मिळून ग्लुकोज असतं सुमारे पाच ग्रॅम, एक चमचा. ३०० मिलिलिटर कोलामधून साखर येते ३२ ग्रॅमच्या आसपास, त्यात ग्लुकोज सोळा. म्हणजे रक्तातल्या साठ्याच्या तिप्पट माल काही मिनिटांत दारात. तरी आकडा १३० वर थांबतो, कारण स्वादुपिंड इन्सुलिन ओततं आणि यकृत-स्नायू माल उचलतात. तळघरात पाणी किती साचलं ते सेन्सर दाखवतो; पंप किती जोरात चाललाय ते दाखवत नाही. इन्सुलिनला दाद न देणाऱ्या शरीरात पंप कित्येक वर्षं दुप्पट जोराने चालू असतो आणि जमीन कोरडी दिसते. ती ओली होते तेव्हा उशीर झालेला असतो. साखर खाल्ली म्हणून थेट मधुमेह होतो असं नाही. वाट जाते ती वजन, यकृतातली चरबी आणि इन्सुलिनचा हा विरोध यांमधून, आणि त्या वाटेवर सगळ्यांत भक्कम पुरावा आहे तो गोड पेयांविरुद्ध. मधुमेह झाल्यावर जास्तीचं ग्लुकोज प्रथिनांना चिकटत राहतं आणि डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड, पायांच्या नसा यांचं नुकसान करतं. तो भाग सेन्सर उत्तम दाखवतो, पण तोवर गाडी पुष्कळ पुढे गेलेली असते.

मग हे यंत्र कामाचं कुठे?

स्टार्चच्या बाबतीत ते अचूक चोर पकडतं. उपास हे त्याचं पहिलं उदाहरण. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च, १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८७ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. एका भरल्या बशीत कोरडा साबुदाणा ६०-७० ग्रॅम जातो, वर बटाटा. गोड चवीचा लवलेश नाही, आणि ग्लुकोजचा भार दहा चमचे साखरेपेक्षा जास्त. एकादशीला मधुमेही माणसाने हा आलेख बघावाच. शेंगदाण्याचं कूट वाढवून साबुदाणा निम्मा केला, सोबत काकडीची कोशिंबीर आणि ताक घेतलं तर काय फरक पडतो तेही लगेच कळतं.

दुसरं, ‘शुगर फ्री’ म्हणून विकली जाणारी पुडकी. साखर नाही, पण घटकांच्या यादीत माल्टोडेक्स्ट्रिन आहे का बघा. ते चवीला फारसं गोड नसतं, मात्र ग्लुकोजच्या अगदी आखूड साखळ्या असल्यामुळे रक्तात जवळपास ग्लुकोजच्याच वेगाने चढतं. बिनसाखरेचं बिस्किट, प्रथिनांची पावडर, लहान मुलांचं दुधात घालायचं चूर्ण, यांत ते भरीला असतं. इथे सेन्सर जाहिरातीला तोंडावर पाडतो आणि ते बघायला मजा येते. सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉलची मिठाई सेन्सरवर पास होते, पोटावर नापास. चार तुकड्यांनंतर जुलाब.

तिसरं, जेवणानंतर चालणं. जेवण संपल्यापासून अर्ध्या तासात पंधरा मिनिटं साध्या चालीने चाललं तर डोंगराचं टोक खाली येतं, कारण हलणारा स्नायू इन्सुलिनशिवायही ग्लुकोज ओढून घेतो. ज्याला डॉक्टरांनी दहा वेळा सांगून पटत नाही, त्याला एक आलेख पटवतो. याच कामासाठी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसाला एखादा सेन्सर लावायला माझी हरकत नाही.

चौथं महाराष्ट्रात विशेष महत्त्वाचं. विदर्भात, गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचं प्रमाण बरंच आहे. रक्तपेशींचा असा दोष असेल तर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी दिशाभूल करते. लोहाच्या कमतरतेच्या पंडुरोगात ती खोटीच जास्त येऊ शकते. अशा माणसाची खरी सरासरी काढायला सेन्सरचे चौदा दिवस खरोखर उपयोगी पडतात.

प्रयोग करायचाच असेल तर नीट करा. पदार्थ वजनकाट्यावर मोजून घ्या, बशीवर भरवसा नको. खाण्याआधी आकडा, मग दर पंधरा मिनिटांनी, दोन तास, आणि त्या दोन तासांत दुसरं काही नाही, बिनसाखरेचा चहासुद्धा नाही. तोच पदार्थ निदान दोनदा, वेगवेगळ्या दिवशी, त्याच वेळी. पंधरा-वीसपेक्षा कमी फरकाला फरक म्हणू नका. निरोगी माणसात अर्धा ते एक तासात टोक येतं आणि दोन-तीन तासांत आकडा मूळ जागी जातो. जेवणानंतर थोडा वेळ १४० च्या वर गेला म्हणून कोणी मधुमेही होत नाही. पण उपाशीपोटी रोज १०० च्या वर किंवा दोन तासांनीही वारंवार १४० च्या वर दिसत असेल, तर प्रयोग थांबवून प्रयोगशाळेत रक्त द्यावं. निदान सेन्सरवर होत नाही. ॲपमधली ७० ते १८० ही हिरवी पट्टी मधुमेहींसाठीची आहे. मधुमेह नसलेल्याने तिच्यात राहिलो म्हणून पेढे वाटू नयेत.

सेन्सर, ॲप आणि आहारसल्लागार अशी एकत्र पॅकेजं विकणाऱ्या कंपन्यांबद्दल मत प्रतिकूल आहे. प्रत्येक जेवणाला गुण मिळतात, गुण ठरतात फक्त ग्लुकोजच्या चढउतारावरून. अशा परीक्षेत तळलेलं चिकन आणि लोणी पहिल्या वर्गात येतं, वरण-भात काठावर, आणि ॲगेव्हचा केक विशेष प्रावीण्यात. तीन महिने हे गुण मिळवत बसलेल्या माणसाचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) कोणी तपासलं नाही, तर त्या गुणांना काय अर्थ आहे?

एका सेन्सरला साधारण पाच हजार रुपये, म्हणजे महिन्याला दोन लावले तर दहा. टाइप वन मधुमेह, दिवसातून अनेकदा इन्सुलिन, किंवा इन्सुलिन चालू असलेली गर्भवती असेल तर डॉक्टरांशी बोलून घ्याच, गजरवाली पिढी घ्या. फक्त गोळ्यांवर असलेल्या टाइप टूला सतत लावायची गरज नाही; औषध बदललं की एक, एरवी सहा महिन्यांनी एक. मधुमेह नसलेल्या आणि गोड जास्त होतंय अशी शंका असलेल्या माणसाने तेच पाच हजार दुसरीकडे खर्च करावेत: एचबीएवनसी, उपाशीपोटी लिपिड प्रोफाइल, एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) आणि पोटाची सोनोग्राफी. बऱ्याच शहरांत चारही त्यात बसतात. ट्रायग्लिसराइड १५० च्या वर, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) पुरुषात ४० किंवा बाईत ५० च्या खाली, सोनोग्राफीत यकृतावर चरबी, हे दिसलं की फ्रुक्टोजची वाट उजेडात आली. शिंप्याची टेप तर घरातच असते. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर, बाईची ८० च्या वर असेल तर सेन्सरचा आलेख कितीही देखणा असला तरी चहातला दुसरा चमचा काढायची वेळ झालेली आहे.

लावलाच असेल, तर चौदाव्या दिवशी तो आपोआप बंद पडतो. ओढून काढू नका, कातडी सोलते. कडेला खोबरेल तेल लावून दहा मिनिटं थांबा, मग एका बाजूने सोलत आणा. लावणीयंत्रात सुई असते, ते कचरेवालीच्या हाताला लागणार नाही अशा जाड प्लॅस्टिकच्या डब्यात झाकण लावून, वर लिहून द्या. आणि ॲप फोनमधून उडवण्याआधी अहवालाची पीडीएफ काढून घ्या; डॉक्टर चौदा दिवसांचे एकावर एक आलेख असलेलं पानच बघतात, स्क्रीनशॉट नाही.